पुस्तकातला फितूर

मार्च अर्ध्यावर आला की कोरगावात सकाळी दार उघडल्याबरोबर काजूच्या बोंडांचा वास अंगावर येतो. गोड, आंबूस, घशात थोडा अडकणारा. पोदेर पाव देऊन सायकलची घंटी वाजवत पुढे जातो, डोंगरावर बायका वाकून बोंडं वेचत असतात आणि खालच्या बाजूला कुणाची तरी भट्टी पेटलेली असते. माझं माहेर डिचोलीकडचं. तिथल्या लाल धुळीची सवय असलेल्या मला लग्नानंतरची पहिली काही वर्षं हा वास सोसायचा नाही. पुढे तो इतका आवडायला लागला की काजू संपले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आता मात्र तो आला की मी दार परत लोटून घेते. ह्या वर्षीही लोटलं. कारण हाच वास सुटलेला असताना, काही वर्षांपूर्वी, आमच्या घरात एक पुस्तक आलं होतं.

मी हायस्कुलात मराठी शिकवायची. शाळेच्या वाचनालयाची दोन कपाटं माझ्या ताब्यात होती आणि त्यातलं एक जवळजवळ सगळं गोवा मुक्तीच्या पुस्तकांनी भरलेलं. सोप्या भाषेतली, मोठ्या टायपातली, गोष्टीसारखी सांगितलेली. मुखपृष्ठावर बहुतेक वेळा मूठ आवळलेला एक तरुण आणि मागे तिरंगा. ही पुस्तकं मी मनापासून वाचली होती आणि मनापासून वाटली होती. वक्तृत्वात नंबर आला, दे पुस्तक. दहावीच्या मुलांना निरोप, दे पुस्तक. एखादा मुलगा वर्गात वाचताना 'त्याने ओठ घट्ट मिटले' ह्या वाक्याला आला की त्याचा आवाज आपोआप बदलायचा, आणि मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची. मला वाटायचं, मुलांमध्ये देशप्रेम असंच रुजतं.

त्या सगळ्या पुस्तकांत एक शूर माणूस असे. आशीर्वाद देणारी एक आई असे. आणि एक फितूर असे. फितुराला सहसा नाव नसायचं. त्याच्यासाठी एखादा परिच्छेद पुरायचा. तो कुठे राहायचा, त्याच्या घरी कोण होतं, त्या दिवशी तो काय जेवला होता, हे कुणी लिहीत नसे आणि आम्हीही कधी विचारलं नाही. शूर माणूस पकडला जायला कुणीतरी लागतं, तेवढंच त्याचं काम.

आमची सायली त्या वर्षी दहावीला होती. परीक्षा तोंडावर आलेली. ओसरीवर एका कोपऱ्यात तिची पुस्तकं पसरलेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझ्या सासूबाई, सत्यभामाआजी, बोंडांपासून बिया पिळून वेगळ्या करत बसलेल्या. हात काजूच्या रसाने काळपट झालेले. गावच्या वाचनालयाने लेखकाला बोलावून नव्या पुस्तकावर कार्यक्रम ठेवला होता. पेडणे तालुक्यातल्या सशस्त्र लढ्यावरचं ते पुस्तक, आमच्याच भागातलं, म्हणून सगळ्यांना त्याचं अप्रूप. शाळेतल्या एका विद्यार्थ्याने पुस्तकाबद्दल बोलावं असं ठरलं आणि हेडमास्तरांनी सायलीचं नाव दिलं. अभ्यासाचा वेळ मोडतो म्हणून मी कुरकुरले. पण मनातून मला बरंच वाटलं होतं.

तिने पुस्तक आजीला मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. आजीला अक्षरओळख बेताची, ऐकायची मात्र भारी हौस. मी आत भात वेळत होते. सायलीचा आवाज येत होता. चोपड्याला नदीकाठच्या एका मांगरात, म्हणजे कोळ्यांच्या जाळी ठेवायच्या खोपीत, तिघे क्रांतिकारक लपले होते. पोलीस चौकीवर हल्ला करून ते आले होते. त्यांना कोरगावातून तांदूळ आणि निरोप पोचत होते. मग तिचा आवाज एकदम मंदावला. वाचता वाचता पुढचं डोळ्यांनी आधीच दिसतं, तसा. तरी ती वाचत गेली. 'परंतु कोरगावच्या तिठ्यावरील एका लंगड्या दुकानदाराने चार नाण्यांच्या मोहाने त्यांचा ठावठिकाणा पोर्तुगिजांना सांगितला.'

कोरगावच्या तिठ्यावर त्या काळात एकच दुकान होतं. ते माझ्या सासऱ्यांचं. आणि ते लंगडत.

मी पळी हातात घेऊन दारात आले. सायली पानाकडे बघत बसली होती. सासूबाईंचा हात बोंडावर तसाच थांबलेला. थोड्या वेळाने त्यांनी बी पिळली, टोपलीत टाकली आणि म्हणाल्या, "लंगडे ते मागीर झाले." मागीर म्हणजे नंतर.

एवढंच. मग उठून हात धुवायला मागीलदारी गेल्या.

सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलं ते म्हातारपणी. कमी बोलणारे, गिऱ्हाइकाला पुडी बांधून देताना दोरा दाताने तोडणारे. मुक्तिदिनाला तिठ्यावर झेंडा लागायचा तेव्हा ते दुकान बंद करून बागायतीत निघून जात. मी समजायची, म्हाताऱ्यांना गर्दी नको वाटते. त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने, उदयने, मला पहिल्यांदा सांगितलं की ह्या गोष्टीची कुजबूज त्याच्या लहानपणीही होती. शाळेच्या प्रभातफेरीत उंचीने तो पहिला, पण झेंडा त्याच्या हातात कधी दिला गेला नाही. का नाही, हे त्याला दुसऱ्या एका मुलाने भांडणात सांगितलं होतं. त्याने घरी येऊन वडिलांना विचारलं. वडील त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, जा, अभ्यास कर. पुढे त्याने कधी विचारलं नाही. वीस वर्षं माझ्याबरोबर संसार केला, मलाही सांगितलं नाही.

आता तो लेखकावर दावा लावायचं बोलू लागला. कार्यक्रमात उठून जाब विचारीन म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुला खरं काय ते माहीत आहे का? त्याची सगळी चीड तिथेच अडत होती. त्याला माहीत नव्हतं. पुस्तकात लिहिलं आहे ते खोटं, असं त्याला ओरडून सांगायचं होतं, पण ते खरं असेल तर काय, ही भीती त्याने लहानपणापासून बाळगली होती.

पुढचे दिवस मी कसे काढले ते आठवलं तरी अजून मान आखडते. पुस्तक आता घरोघर पोचलं होतं. थेट कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे थेट बोलत नाहीत. बाजारात मासळी घेताना शेजारची बोलणी मी पोचल्यावर थांबायची. शाळेत एका शिक्षिकेने मला आपुलकीने सांगितलं की सायलीला ह्या वेळी कार्यक्रमातून काढून घ्या, परीक्षेचं कारण द्या, कुणी नावं ठेवणार नाही. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी घरी येऊन सायलीला तेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, ही पुस्तकं तूच मला दिलीस."

ती चिडली नव्हती. नुसतं सांगत होती. मला मात्र त्या कपाटातली पानंच्या पानं डोळ्यांसमोर दिसू लागली. त्यातला प्रत्येक नाव नसलेला परिच्छेद कुणाच्या तरी ओसरीवर असाच वाचला गेला असेल का, हा विचार मला त्या आधी एकदाही शिवला नव्हता. देशभक्ती म्हणजे विचारलं तरी न सांगणं, असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले. मला स्वतःला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. आणि ते पुस्तक लिहिणाऱ्यालाही नसावं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी दुपारी सासूबाईंनी सांगितलं की शालूला बोलावून घ्या. शालूताई म्हणजे माझी थोरली नणंद, सुर्ल्याला दिलेली. तिचे यजमान खाणीच्या ट्रकवर होते, आता घरी असत. ती बसने आली, येताना आमच्यासाठी कसलीशी मिठाई घेऊन. पुस्तकाचं तिच्या कानावर गेलंच होतं. आम्ही सगळे ओसरीवर बसलो. उन्हाचा कडाका होता आणि आंबूस वास नुसता भरून राहिला होता. सासूबाई कदेलीवर, म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीवर, कधी बसत नसत. त्या दिवशी बसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते फार थोड्या शब्दांत सांगितलं. मी इथे माझ्या शब्दांत लिहिते आहे.

तांदूळ आणि निरोप घेऊन चोपड्याला जात ते सासरेच. तेव्हा ते तरणेताठे होते, पायाने धड. चौकीवर हल्ला झाल्यावर पोलिसांनी संशयावरून त्यांना उचलून नेलं. तिथे त्यांना मारलं. गुडघा मोडला तो तिथेच. मारणाऱ्यांना त्यांच्याकडून एक अक्षरही मिळालं नाही. मग एका सकाळी पोलीस घरी आले. घरात सासूबाई एकट्या, सतरा-अठरा वर्षांची मुलगी, आणि पाळण्यात नुकतंच बारसं झालेलं बाळ. पोलिसांबरोबर बोलणं समजावून सांगायला आपल्यातलाच एक माणूस होता. त्याने विचारलं, नवरा तांदूळ घेऊन कुठे जातो. त्या म्हणाल्या, ठाऊक नाही. एका शिपायाने पाळण्यातून बाळ उचललं. परसात विहीर होती. तो तिच्या काठावर जाऊन उभा राहिला आणि बाळाला एका हाताने आत धरलं.

इथे सासूबाई थांबल्या.

"ह्येंनी काय एक सांगूक नाय," त्या म्हणाल्या. "मी सांगलंय."

तिघेही त्याच दिवशी मांगरात पकडले गेले. सासऱ्यांना चार-आठ दिवसांनी सोडून दिलं. गावाने दोन गोष्टी बघितल्या. ते तिघे आत गेले आणि हा बाहेर आला. त्यावरून काय समजायचं ते गाव समजलं. तिघांपैकी दामू नावाचा मुलगा कोठडीतच मेला. दुसरा पुढे मुंबईला गेला आणि तिकडेच वारला. तिसरे विठूबाब, चोपड्याचे, मुक्तीपर्यंत तुरुंगात होते. उजव्या हाताची बोटं वाकडी झाली ती कायमची. ते अजून हयात होते. कार्यक्रमात त्यांचाच सत्कार होता.

सासरे घरी आले त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, परत कुठे सांगू नको. त्यानंतर मरेपर्यंत त्या दोघांमध्ये हा विषय निघाला नाही. फितूर म्हणून जे काही ऐकून घ्यायचं ते त्यांनी ऐकून घेतलं. निरोप पोचवणारा म्हणून कुठे नाव मागायला गेले नाहीत, कारण ते मागायला गेलं की मग सांगितलं कुणी, हा प्रश्न निघाला असता.

आता ते चार लोकांत सांगायचं, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. जिवंत होते तोवर त्यांचा शब्द मी पाळला, म्हणाल्या. चार नाण्यांसाठी केलं असं लिहिलेलं आहे, ते मी ऐकून घेणार नाही.

मला वाटलं होतं उदय अडवील. तो नुसता आईकडे बघत होता. चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झालेला. अडवलं ते शालूताईने. ती उठून अंगणात गेली होती, ती परत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. तिचं म्हणणं असं की बाबांचं नाव निघेल हे बरं, पण माझं काय? एका माणसाचा जीव गेला तो माझ्यापायी, हे आता साठीत कळायचं आणि गावासमोर कळायचं? माझे सासरचे ऐकतील, सून ऐकेल, नात मोठी झाली की तीही ऐकेल.

सासूबाई म्हणाल्या, तुझं नाव मी घेणार नाही.

"नाव कित्याक होया?" शालूताई म्हणाली. "तेवां तुका एकच पोर होता."

नाव कशाला हवं, ते बाळ कोण हे गावाला कळणारच होतं. शालूताई त्याच बसने परत गेली. जेवली नाही. तिने आणलेली मिठाई तशीच पडून राहिली. सायली भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती आणि पान उलटत नव्हती.

कार्यक्रम देवळाच्या मंडपात होता, रविवारी सकाळी. वर पंखे गरगरत होते तरी माणसं रुमालाने मानेवरचा घाम पुसत होती. आम्ही चौघं गेलो तेव्हा बसलेल्यांच्या माना वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. सासूबाई पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या. व्यासपीठावर वाचनालयाचे अध्यक्ष, लेखक, आणि विठूबाब. विठूबाबना मी प्रथमच जवळून पाहत होते. काटकुळे, पांढऱ्या सदऱ्यातले, ऐकायला कमी येत असल्यामुळे मान एका बाजूला कललेली. शाल त्यांना डाव्या हाताने सावरावी लागत होती.

लेखक मला वाटला होता तसा निघाला नाही. कुठे बढाई नाही, आवाज चढवणं नाही. गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना भेटलो, त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं, असं तो म्हणाला आणि ते खरंच असणार. आमच्या गावात त्याला जे सांगितलं गेलं तेच तर त्याने लिहिलं होतं. मग सायलीचं नाव पुकारलं. तिने पुस्तकातल्या लढ्याबद्दल, नदीकाठच्या वर्णनाबद्दल नीट सांगितलं. शेवटी ती म्हणाली की पुस्तकातल्या एका परिच्छेदाबद्दल माझ्या आजीला काही सांगायचं आहे, तिला बोलू द्यावं. अध्यक्षांनी लेखकाकडे पाहिलं. लेखकाने मान हलवली.

सासूबाई जागेवरच उभ्या राहिल्या. माईक कुणीतरी आणत होतं, तो त्यांनी हाताने बाजूला केला. ओसरीवर सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत सांगितलं. नवऱ्याला मारलं, तो बोलला नाही, पाय तेव्हा मोडला. पोलीस घरी आले, बाळाला विहिरीत धरलं, मी सांगितलं. नाणी कुणी दिली नाहीत आणि कुणी मागितली नाहीत.

मागून कुणीतरी पुढच्यांना विचारत होतं, काय म्हणाली? लेखकाने चष्मा काढून हातात धरला होता. विठूबाबना सगळं ऐकू गेलं नसावं. अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकून सांगत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. ते सांगून होईपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ असेल.

मग त्यांनी डोळे उघडले आणि सासूबाईंना विचारलं, "ता पोर खंय असा?"

ते बाळ कुठे आहे, हे सासूबाई सांगणार नव्हत्या. शब्द दिला होता त्यांनी. मी मान खाली घातली. आणि मंडपाच्या अगदी मागून, चपला काढतात तिथून, आवाज आला, "मी." शालूताई आली होती. कधी आली, कुणालाच ठाऊक नाही. उन्हातून आल्यामुळे चेहरा लाल, पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतलेला. ती बसलेल्या माणसांमधून वाट काढत पुढे येऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

विठूबाब तिच्याकडे बघत राहिले. साठीची बाई ती, केस अर्धे पांढरे. त्यांच्या बघण्यात राग होता की काय होतं, मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी विचारलं, "तुका पोरां किती?"

"दोन," ती म्हणाली. "एक नात असा."

त्यांनी मान हलवली. एक एक माणूस मोजून घेतल्यासारखी. मग सासूबाईंकडे वळले आणि आवाज जरा फाटला त्यांचा. "दामू मेलो गे, सत्यभामा. त्याचा मी काय करू?"

"म्हायत असा माका," सासूबाई म्हणाल्या.

माफ केलं असं विठूबाब म्हणाले नाहीत आणि सासूबाईंनी माफी मागितली नाही. अध्यक्षांनी कसेबसे आभार मानले. चहाला विठूबाब थांबले नाहीत, त्यांना गाडीपर्यंत धरून नेलं. जाताना ते आमच्या रांगेपाशी आले तेव्हा त्यांनी उदयच्या खांद्यावर आपला तो वाकडा हात ठेवला, क्षणभर, आणि पुढे गेले. उदय तिथेच खाली बसला.

पुस्तकांतल्या सगळ्या शूर माणसांना मी तोवर ओळखत होते असं मला वाटायचं. त्या सकाळी माझ्यासमोर एक खरा शूर माणूस होता आणि त्याला आपल्या मित्राचं मरण कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं. समोर एक बाई होती जिने सांगितलं होतं, आणि तिच्या शेजारी ती जिच्यासाठी सांगितलं गेलं. ह्या तिघांना एका पानावर आणायला कुठलंच वाक्य पुरणार नाही. देशावर प्रेम करायला शिकवताना मी मुलांना फार सोपा धडा दिला होता. त्यात विहिरीच्या काठावर कुणीही उभं नव्हतं.

गावात पुढे काय झालं ते सांगायला हवं. काही घरं आमच्याशी आणखी तुटक वागू लागली. एका म्हाताऱ्याने तिठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की इतकी वर्षं गप्प बसली ती आता कशाला बोलली. पण दुपारची कामं आटोपल्यावर एकेक बाई आमच्या ओसरीवर येऊ लागली. येऊन बसायच्या आणि ह्या विषयावर एक शब्द बोलायच्या नाहीत. सासूबाईंच्या टोपलीतली बोंडं ओढून घ्यायच्या आणि बिया पिळायला लागायच्या. काजू ह्या वर्षी कमी आहे, पाऊस लवकर आला तर मोहर गळेल, एवढंच. शालूताईचे सासरचे काही म्हणाले की नाही ते तिने सांगितलं नाही. त्या पावसाळ्यात ती आईकडे आठ दिवस राहून गेली, जे तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

सायली दहावीला बऱ्या गुणांनी पास झाली. इतिहासाच्या पेपरात मुक्तिलढ्यावर प्रश्न होता, तो तिने सोडला नाही. पाठ्यपुस्तकातलं उत्तर लिहिलं म्हणाली. दुसरं काय लिहिणार?

लेखक नंतर एकदा घरी आला होता. त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, चूक झाली म्हणाला, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करीन म्हणाला. विठूबाबनीही त्याला बोलावून घेऊन सांगितलं होतं की तांदूळ कोण आणायचा ते लिही. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि एकच सांगितलं की सगळं लिही, माझं नावही लिही. त्याने हो म्हटलं. तेव्हा तरी मनापासूनच म्हटलं असावं. विठूबाब त्यानंतर दोनेक वर्षांनी गेले. आम्ही चोपड्याला गेलो होतो, सासूबाईही आल्या. बायकांमध्ये मागे बसल्या आणि परत आल्या.

नवी आवृत्ती आली ती ह्या मार्चमध्ये. कागद चांगला, मुखपृष्ठ रंगीत. सायली आता पणजीला नोकरी करते, शनिवारी घरी येते. पुस्तक तीच घेऊन आली. सासूबाईंना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. बोंडं पिळायचं मी त्यांना करू देत नाही, रस हाताला लागून कातडी सोलवटते. तरी टोपली जवळ लागतेच. ओसरीवर सायली त्यांच्या पायाशी बसली आणि तिने ते प्रकरण काढलं.

नदीकाठ होता. मांगर होता. तिघे होते. 'कोरगावातून त्यांना तांदूळ पोचत असे,' असं होतं. कोण पोचवायचं, ते नव्हतं. पुढचं वाक्य सायलीने वाचलं, 'एके दिवशी ते तिघे पकडले गेले,' आणि लगेच तुरुंग सुरू झाला. लंगडा दुकानदार नव्हता. सायलीने पुढची दोन पानं डोळ्यांखालून घातली, मग मागची. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि प्रस्तावनाही पाहिली. त्यात लिहिलं होतं की काही कुटुंबांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ बदल केले आहेत.

मला इतका संताप आला की मी आत जाऊन पाणी प्यायले. लेखकाने कुणाला वाचवलं होतं हे मला माहीत आहे. वाचणाऱ्याला वाचवलं होतं. फितूर नको, तर मग विहीरही नको, बाळही नको, आणि तुमच्याआमच्यासारख्या बाईने केलेली ती गोष्टही नको. नुसतं 'पकडले गेले.' आता हे पुस्तक कुणी कुठल्याही मुलाच्या हातात बिनधास्त द्यावं.

मी बाहेर आले तेव्हा सासूबाई विचारत होत्या की झालं का वाचून. सायली म्हणाली, झालं.

"आणि ह्येंचा?" त्यांनी विचारलं.

"आजोबांचं नाही, आजी. ते काढून टाकलंय."

"माझा?"

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझंही नाही."

सासूबाईंचा हात टोपलीकडे गेला, एक बोंड सापडलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"म्हंजे त्या दिसा आमच्या घराक कोणूच येवंक नाय," त्या म्हणाल्या.